दुसरी तबकडी : ‘द डिश’ आणि श्रेयाचा प्रश्न

चहूकडे मेंढ्या चरत आहेत. मधोमध ६४ मीटर व्यासाची पांढरी तबकडी उभी आहे आणि तिच्या पोटात काही माणसे क्रिकेट खेळत आहेत. रॉब सिच दिग्दर्शित ‘द डिश’ (२०००) हा ऑस्ट्रेलियन चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना बाकीचे काही आठवो न आठवो, हे दृश्य नक्की आठवत असेल. जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक, आणि तिचा वापर गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानासारखा. न्यू साउथ वेल्स राज्यातल्या पार्क्स या छोट्या गावाने जुलै १९६९मध्ये चंद्रावरची चित्रे जगापर्यंत पोहोचवली, त्याची ही हलकीफुलकी कथा आहे. पाहताना ओठांवर हसू राहते, शेवटी डोळे ओलावतात आणि चित्रपटगृहातून बाहेर पडताना माणूस एकूण मनुष्यजातीविषयी जरा बरे मत घेऊन निघतो.

अशा चित्रपटांच्या वाट्याला आपल्याकडे समीक्षा फारशी येत नाही. ‘प्रसन्न आहे, सहकुटुंब पाहावा’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते. गंभीर चित्रपटाची चिरफाड करायची आणि प्रसन्न चित्रपटाला पाठीवर थाप मारून सोडून द्यायचे, ही जणू रीतच झाली आहे. पण प्रसन्नता आपोआप निर्माण होत नाही. ती रचावी लागते आणि रचताना काही गोष्टी पुढे आणाव्या लागतात, काही नजरेआड कराव्या लागतात. ‘द डिश’मधली प्रसन्नता कशी रचली आहे आणि त्यासाठी काय नजरेआड झाले आहे, हे तपासण्याचा या लेखाचा हेतू आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. दुर्लक्षित मदतनिसाचे गुणगान करणारा हा चित्रपट स्वतः एका मदतनिसाला विसरला आहे. हे विसरणे अनवधानाने झालेले नसून ज्या चित्रप्रकारात हा चित्रपट बसतो, त्या प्रकाराच्या घडणीतच त्याचे मूळ आहे. आणि तरीही हा चित्रपट खोटा ठरत नाही. ही तिन्ही विधाने एकत्र कशी टिकतात, ते पुढे पाहू.

मोठ्यांची अडचण, छोट्यांची ऐट

छोट्या गावाची विनोदी कथा हा चित्रपटातला जुना आणि भरवशाचा प्रकार आहे. ब्रिटनमधल्या ईलिंग स्टुडिओने १९४९मध्ये ‘व्हिस्की गलोर!’ आणि ‘पासपोर्ट टु पिम्लिको’ हे दोन चित्रपट काढले. पुढे बिल फोरसाइथचा ‘लोकल हीरो’ (१९८३) आला. या सर्वांची यंत्रणा साधारण एकच असते. बाहेरची मोठी सत्ता, मग ती सरकार असो, तेलकंपनी असो की सैन्य, गावात येते आणि गावाच्या इरसालपणात अडकते. मोठ्याची अडचण होते, छोट्याची ऐट वाढते आणि प्रेक्षक छोट्याच्या बाजूने हसतो. आपल्याकडे उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’मध्ये (२००८) बैल पकडायला आलेल्या वनाधिकाऱ्याचे गावात जे होते, त्याचे नातेही याच घराण्याशी लागते.

‘द डिश’ या घराण्यातला असूनही एका बाबतीत वेगळा आहे. इथे गाव विरोध करत नाही, मदत करते. सांतो सिलाउरो, टॉम ग्लायझनर, जेन केनेडी आणि रॉब सिच या चौघांच्याच ‘द कासल’ (१९९७) या आधीच्या चित्रपटात विमानतळासाठी घर सक्तीने ताब्यात घेऊ पाहणाऱ्यांविरुद्ध एक साधे कुटुंब उभे राहते. तिथे संघर्ष तयारच होता. ‘द डिश’मध्ये नासा आणि पार्क्स दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे. खलनायक नाही, पैशाचा तंटा नाही, जमिनीचा वाद नाही. मदत करणाऱ्याच्या कथेत नाट्य आणायचे कुठून, हा लेखकांपुढचा खरा पेच होता.

त्यांनी तो तीन प्रकारे सोडवला. पहिला उपाय स्वभावांचा. वेधशाळेचा प्रमुख क्लिफ बक्स्टन (सॅम नील) हा पाइप ओढणारा, शांत, पत्नीच्या निधनानंतर एकटा पडलेला माणूस. मिच (केव्हिन हॅरिंग्टन) तोंडाचा फटकळ, तर ग्लेन (टॉम लाँग) गणितात हुशार पण डबा घेऊन येणाऱ्या जनीनशी बोलताना गडबडणारा. त्यांच्यात नासाचा अल बर्नेट (पॅट्रिक वॉरबर्टन) येऊन पडतो. तो चष्मा लावणारा, काटेकोर आणि मितभाषी. मिचला वाटते हा आपल्यावर देखरेख करायला आला आहे. दुसरा उपाय गावाचा. नगराध्यक्ष बॉब मॅकिन्टायर, पाहुण्यांच्या काळजीत बुडालेली त्याची पत्नी मे, अमेरिकेच्या नावाने नाक मुरडणारी मुलगी मेरी आणि अपोलो मोहिमेचा प्रत्येक तपशील तोंडपाठ असलेला मुलगा बिली. तिसरा उपाय संकटाचा. वीज जाते, यान हरवते आणि शेवटी वारा सुटतो.

यांपैकी बिलीची योजना फार चतुर आहे. प्रेक्षकाला अवकाशयान, कक्षा, संदेशवहन हे सगळे समजावून सांगायला हवे, पण विनोदी चित्रपटात व्याख्यान चालत नाही. म्हणून ते लहान मुलाच्या तोंडी घातले आहे. मोठी माणसे मान डोलावतात आणि आपल्याला कळले नाही हे लपवतात. माहितीही मिळते आणि हसूही येते.

हसण्यातली नम्रता

या चित्रपटातला सर्वांत गाजलेला विनोद राष्ट्रगीताचा. अमेरिकेच्या राजदूतांच्या स्वागतासाठी गावातल्या पोरांचा बँड उभा आहे. त्यांना अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवायचे आहे आणि ते पूर्ण गांभीर्याने ‘हवाई फाइव्ह-ओ’ या दूरचित्रवाणी मालिकेची धून वाजवतात. वरवर पाहता हा गावंढळपणाचा विनोद आहे. पण त्यात एक नेमके सत्यही दडले आहे. १९६९ साली ऑस्ट्रेलियातल्या खेड्यात अमेरिका पोहोचली होती ती तिच्या संविधानाने किंवा राष्ट्रगीताने नव्हे, तर टीव्हीवरच्या मालिकांनी. पोरांनी वाजवली ती त्यांना माहीत असलेली अमेरिका. त्याच गावाला दोन दिवसांनी आपल्या तबकडीतून जगाला टीव्हीचे चित्र द्यायचे आहे. म्हणजे आजवर केवळ चित्रे घेणारे गाव पहिल्यांदाच चित्रे देणारे होणार आहे. एवढा मोठा बदल चित्रपट एका धुनेत सांगून मोकळा होतो.

दुसरा प्रसंग विजेचा. गावात वीज जाते. पर्यायी जनित्र चालू होत नाही, कारण मिचकडून त्याची आधीची तयारी राहून गेली आहे. संगणकातली माहिती पुसली जाते आणि अपोलो ११ नेमके आकाशात कुठे आहे, हेच कुणाला ठाऊक नसते. ह्यूस्टनला खरे सांगावे तर अब्रू जाते. तेव्हा अल, तोच काटेकोर अल, आपल्या वरिष्ठांशी खोटे बोलतो आणि पार्क्सच्या माणसांची बाजू सावरतो. रात्रभर फळ्यावर आकडेमोड चालते. नेमके त्याच वेळी राजदूत वेधशाळा पाहायला येतात आणि ग्लेनला आतल्या खोलीत बसून अंतराळवीराचा आवाज काढावा लागतो. अखेर सगळी गणिते हरल्यावर लक्षात येते की यान चंद्राकडे निघाले आहे, तर तबकडी सरळ चंद्राकडेच वळवून पाहावी.

मला हा प्रसंग या चित्रपटाचा गाभा वाटतो. खूप शिकलेली माणसे घाबरली की डोळ्यांसमोरचा चंद्र विसरतात. आणि अल हा बाहेरचा माणूस या गावाचा होतो तो त्याच्या पदामुळे नाही, तर एका सामाईक चुकीमुळे. आपल्याकडे म्हणतात तसे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ झाकायला तो हात पुढे करतो, तिथे मैत्री होते.

पण हा प्रसंग पूर्णपणे काल्पनिक आहे. अपोलो ११च्या वेळी पार्क्सची वीज गेली नाही आणि यान हरवले नाही. इथून आपल्याला इतिहासाकडे वळावे लागते.

२१ जुलै १९६९, दुपारी एक

पार्क्सची दुर्बीण ऑक्टोबर १९६१मध्ये कार्यान्वित झाली. ती ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या वैज्ञानिक संस्थेची. तिच्यासाठी ऑस्ट्रेलियन सरकारप्रमाणेच अमेरिकेतल्या कार्नेगी आणि रॉकफेलर या प्रतिष्ठानांनी पैसा दिला. आराखडा फ्रीमन फॉक्स या ब्रिटिश अभियंता संस्थेचा. ती उभी राहावी म्हणून झटणारे टॅफी बोवेन मूळचे वेल्सचे आणि तिचे संचालक जॉन बोल्टन मूळचे इंग्लंडचे. म्हणजे जी तबकडी चित्रपटात अस्सल गावठी ऑस्ट्रेलियाचे प्रतीक होते, ती जन्मापासूनच अनेक देशांच्या हातांची होती. बोल्टन हा क्लिफचा ऐतिहासिक पूर्वज म्हणता येईल, पण क्लिफचे वैधुर्य हे लेखकांनी जोडलेले आहे.

बोल्टन यांच्याबद्दलची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नासाशी करार करताना त्यांनी पानेच्या पाने लिहू दिली नाहीत. सीएसआयआरओचा संबंधित विभाग अपोलो ११ला साहाय्य करील, एवढ्या आशयाचा एका वाक्याचा करार पुरेसा आहे, असे त्यांनी ठरवले आणि तसेच झाले. चित्रपटात ही गोष्ट असती तर कुणी तिला लेखकांची कल्पना म्हटले असते.

आता त्या दिवसाकडे येऊ. चांद्रयान उतरल्यावर अंतराळवीरांनी आधी विश्रांती घ्यायची आणि मग बाहेर पडायचे, असा कार्यक्रम ठरला होता. त्या वेळेला चंद्र पार्क्सच्या डोक्यावर असणार होता, म्हणून चित्रे मुख्यतः पार्क्सने घ्यायची असे ठरले. पण चंद्रावर उतरलेल्या माणसांना झोप कशी येणार? आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी विश्रांती पुढे ढकलली. पार्क्सची तबकडी क्षितिजापर्यंत वाकू शकत नाही, चंद्र जमिनीपासून सुमारे ३० अंश वर आल्यावरच तो तिच्या टप्प्यात येतो. अंतराळवीर बाहेर पडायला निघाले तेव्हा तो अजून टप्प्याखाली होता. सुदैवाने अवकाशवेशभूषा चढवून तयार होण्यात त्यांचा बराच वेळ गेला.

बोल्टन यांनी तबकडी पुरती वाकवून चंद्राची वाट पाहायला सुरुवात केली आणि वादळ आले. ताशी ११० किलोमीटरहून जास्त वेगाचे दोन झोत तबकडीवर आदळले. वाकलेल्या अवस्थेत तबकडी म्हणजे वाऱ्यासमोर धरलेले भलेमोठे शीड. सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पलीकडचा ताण तिच्यावर आला, खालचा नियंत्रण मनोरा हादरत होता. नियमाप्रमाणे तबकडी सरळ करून काम थांबवायला हवे होते. बोल्टन यांनी थांबवले नाही. हे चित्रपटात आहे आणि ते खरे आहे. या चित्रपटाचा सर्वांत अविश्वसनीय भाग हाच सर्वांत प्रामाणिक भाग आहे, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी.

चित्रे मात्र तीन ठिकाणांहून येत होती. एक, कॅलिफोर्नियातले गोल्डस्टोन. दोन, पार्क्स. आणि तीन, ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा हिच्याजवळच्या डोंगरातले हनीसकल क्रीक हे केंद्र. प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा गोल्डस्टोनचे चित्र आधी उलटे आणि मग फार गडद दिसत होते. स्थानिक वेळेनुसार दुपारी १२ वाजून ५६ मिनिटांनी आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रावर पडले, तेव्हा जगाने पाहिलेले चित्र हनीसकल क्रीकच्या २६ मीटर व्यासाच्या तबकडीचे होते. पार्क्सच्या मुख्य ग्राहकाच्या टप्प्यात चंद्र आला तो १ वाजून २ मिनिटांनी. जवळपास नऊ मिनिटे प्रक्षेपण गोल्डस्टोन आणि हनीसकल क्रीक यांच्यात फिरत राहिले आणि मग पार्क्सचे चित्र इतके सुस्पष्ट आले की पुढचे सुमारे अडीच तास नासाने तेच कायम ठेवले. पार्क्सच्या कामगिरीचा सविस्तर अभ्यास तिथलेच शास्त्रज्ञ जॉन सार्किसियन यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केला आहे. त्यातून हा क्रम नि:संदिग्धपणे उभा राहतो.

आपल्याकडे तेव्हा सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे झाली होती. दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत, मुंबईत ती १९७२च्या ऑक्टोबरमध्ये आली. महाराष्ट्राने तो क्षण पाहिला नाही, ऐकला आणि दुसऱ्या दिवशी वाचला. साठ कोटी लोकांनी तो पाहिल्याचा अंदाज नेहमी सांगितला जातो. त्यात आपली आधीची पिढी बहुतेक नव्हतीच.

विसरलेली तबकडी

‘द डिश’मध्ये हनीसकल क्रीकला जवळजवळ स्थान नाही. पहिल्या पावलाचे श्रेय पार्क्सकडे गेले आहे. चित्रपटातल्या पंतप्रधानांची नजर पार्क्सवर आहे, पण प्रत्यक्षात त्या सकाळी पंतप्रधान जॉन गॉर्टन गेले होते ते हनीसकल क्रीकला. चित्रपट पाहून हनीसकल क्रीकच्या जुन्या कर्मचाऱ्यांना आपण इतिहासातून वगळले गेलो असे वाटले, तर त्यांना हळवे म्हणता येणार नाही.

यावर लगेच उत्तर दिले जाईल : चित्रपट म्हणजे इतिहासाचे पाठ्यपुस्तक नव्हे. मला हे मान्य आहे. पण सूट घेणे आणि सूट घेणे यांत फरक असतो. वीज जाण्याचा प्रसंग घ्या. तोही खोटा आहे, आणि पार्क्सच्या कुशल माणसांना थोडा वेंधळेपणा चिकटवणारा आहे. तरी तो चित्रपटाच्या आशयाला बळ देतो. माणसे चुकतात, एकमेकांना सांभाळतात, आणि त्यातून काम होते, हे तो सांगतो. या सुटीमुळे कुणाचे काही हिरावले जात नाही. हनीसकल क्रीक वगळण्याची सूट मात्र चित्रपटाच्या आशयाविरुद्धच जाते. या चित्रपटाची तक्रार काय आहे? चंद्रावर गेलेल्या तिघांची नावे जगाला पाठ आहेत, पण त्यांचा आवाज आणि चित्र पकडणाऱ्यांना कुणी ओळखत नाही. मग पार्क्सचे नाव मोठे करण्यासाठी दुसऱ्या तबकडीचे नाव पुसले, तर मोठ्या जगाने पार्क्सशी जे केले, तेच पार्क्सच्या चित्रपटाने हनीसकल क्रीकशी केले असे होते.

हे का घडले, याचे उत्तर छोट्या गावाच्या कथेच्या व्याकरणात आहे. त्या कथेला एकच गाव लागते. एक मैदान, एक नगराध्यक्ष, एक सभागृह, एक तबकडी. छोट्याची ऐट वाढायची तर तो एकमेव असावा लागतो. ‘आमच्यावाचून चंद्र दिसला नसता’ हे वाक्य एका गावाने म्हटले तर त्यात विनोद आणि अभिमान दोन्ही असतात. तेच वाक्य चार गावांनी एकदम म्हटले की सभा होते, गोष्ट होत नाही. प्रत्यक्षात मात्र मदतीचे स्वरूप सभेसारखेच होते. पार्क्सला आलेला संकेत सिडनीला गेला, तिथे त्याचे नेहमीच्या टीव्हीच्या चित्रात रूपांतर झाले, मग मोरी या गावाजवळच्या उपग्रह केंद्रातून तो अवकाशात आणि तिथून ह्यूस्टनला. पश्चिम किनाऱ्यावरचे कारनार्व्हन हे गावही मोहिमेच्या मागावर होते. ही साखळी होती. साखळीत कुठलीच कडी एकमेव नसते आणि कुठलीच अनावश्यक नसते. विनोदी कथेला पहिली गोष्ट नको असते, म्हणून तिला दुसरी दिसतच नाही.

यात काळाचाही वाटा आहे. ‘द डिश’ ऑस्ट्रेलियात प्रदर्शित झाला तो ऑक्टोबर २०००मध्ये, सिडनी ऑलिम्पिक संपून जेमतेम काही आठवडे झाले असताना. सारे जग आपल्याकडे पाहत होते आणि आपण काम नीट पार पाडले, ही भावना त्या वेळी ताजी होती. त्या भावनेला एक गोष्ट हवी होती. ती गोष्ट एका तबकडीची झाली.

आणखीही काही माणसे या चित्रपटात नाहीत. ज्या भूमीवर ती तबकडी उभी आहे, ती वायराजुरी या आदिवासी समाजाची. २०२०मध्ये दुर्बिणीला ‘मुरियांग’ हे वायराजुरी नाव देण्यात आले. त्यांच्या कथांमध्ये मुरियांग म्हणजे बियामी या निर्मात्याचे वास्तव्य असलेला आकाशलोक. वीस वर्षे आधी आलेल्या चित्रपटाला हे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते, पण ती माणसे माहीत असायला हवी होती. मेरीचेही तसेच. व्हिएतनाममध्ये ऑस्ट्रेलियाचे सैनिक लढत असताना अमेरिकेवर शंका घेणारी ती या गावातली एकटीच. चित्रपट तिच्या शंकेला वयाचा हट्ट समजतो आणि गोड शेवटात विरघळवून टाकतो. प्रसन्नतेची किंमत कोण चुकवते, हे पाहायचे तर मेरीकडे पाहावे.

तरीही हा चित्रपट खोटा का नाही

एवढे सगळे सांगितल्यावर ‘द डिश’ बाजूला ठेवावा असे मी म्हणत नाही. वाऱ्याचा प्रसंग पुन्हा पाहावा. क्लिफ निर्णय घेतो त्या वेळी भाषण नाही, डोळ्यांत अश्रू नाहीत, ध्वज नाही. एक मध्यमवयीन माणूस आकडे पाहतो, सहकाऱ्यांकडे पाहतो आणि काम चालू ठेवायला सांगतो. चंद्रावर जाणाऱ्याच्या धैर्यावर शेकडो चित्रपट आहेत. जागेवर बसून राहणाऱ्याच्या धैर्यावर फार थोडे. आपले नाव कुठेही येणार नाही, पण आपण उठलो तर काम थांबेल, हे ठाऊक असून बसून राहणे हा एक स्वतंत्र गुण आहे. तो गुण या चित्रपटाने ओळखला आणि त्याला योग्य तेवढ्याच आवाजात दाखवले.

चित्रपटाची चौकटही याच जाणिवेची आहे. म्हातारा झालेला क्लिफ पुन्हा तबकडीपाशी येतो. त्याला ओळखणारे कुणी नाही. त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नाही. तबकडी आहे, तो आहे, मधे काळ आहे. श्रेयाची आस नसलेले समाधान कसे दिसते, ते सॅम नील यांच्या चेहऱ्यावर दिसते. म्हणून मला वाटते, चित्रपट गोष्ट सांगताना श्रेय चुकीचे वाटतो, पण श्रेयाबद्दलचे त्याचे शहाणपण बरोबर आहे.

कल्याणहून खोडदकडे

या विषयाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. पार्क्सची दुर्बीण उभारणाऱ्या सीएसआयआरओच्या याच विभागात, पार्क्सच्या आधी, १९५३ ते १९५५ या काळात गोविंद स्वरूप नावाचा एक तरुण भारतीय शास्त्रज्ञ काम करत होता. सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे सूर्याच्या निरीक्षणासाठी सहा-सहा फूट व्यासाच्या ३२ छोट्या तबकड्या होत्या. त्यांचे तिथले काम संपल्यावर त्या भारताला भेट मिळाल्या. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेल्या स्वरूप यांनी १९६५मध्ये त्या मुंबईजवळ कल्याणला उभ्या केल्या. कल्याणच्या त्या अनुभवातून आधी उटीची दुर्बीण झाली आणि मग जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ‘जीएमआरटी’.

१९ ऑक्टोबर २०१६च्या संध्याकाळी ‘शियापारेली’ हे युरोपीय यान मंगळावर उतरत होते. त्याचा अत्यंत क्षीण संकेत पृथ्वीवर थेट ऐकण्याचे काम खोडदच्या तबकड्या करत होत्या. संकेत इथवर यायला जवळपास दहा मिनिटे लागत होती. संकेत आला, हवाई छत्री उघडल्याचे त्यातून कळले आणि उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या किंचित आधी तो थांबला. यान मंगळावर आदळले होते. खोडदने आपले काम चोख केले, पण त्या संध्याकाळी कुठल्याही सभागृहात बँड वाजण्याजोगे काही घडले नाही.

‘द डिश’च्या समीक्षेला हा प्रसंग मला उपयोगी वाटतो. पार्क्सची मदत सुंदर दिसते, कारण आर्मस्ट्राँग सुखरूप उतरले. मोहीम फसली असती तर वाऱ्यात तबकडी वाकवून बसलेल्या माणसांचे धैर्य तेवढेच राहिले असते, पण त्यावर प्रसन्न चित्रपट निघाला नसता. मदतीचे मोल यशावरून ठरवणे ही या चित्रप्रकाराची दुसरी मर्यादा. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’मध्ये (२००४), ज्याचे बरेच चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झाले, नासाचा माणूस गावात येतो आणि गावाला वीज देऊन जातो. देणारा तिकडचा, घेणारे इकडचे. ‘द डिश’ने ही दिशा उलटी करून दाखवली, हे त्याचे मोठे काम. पण गाव ज्यात देणारे आहे आणि दिलेले वाया गेले तरी ज्याची मान खाली जात नाही, तो चित्रपट अजून व्हायचा आहे. तो खोडदवर होऊ शकेल. तिथे एक तबकडी नाही, तीस आहेत. त्यांतली एकही एकटी काही ऐकत नाही, सगळ्या मिळून ऐकतात. एकाच नायकाचा हट्ट धरणाऱ्या कथेला तिथे जरा वेगळा विचार करावा लागेल.

हनीसकल क्रीकचे केंद्र १९८१मध्ये बंद झाले. तिथली तबकडी टिडबिनबिला इथल्या केंद्रात हलवली गेली. मूळ जागी आता राष्ट्रीय उद्यानातल्या झाडीमध्ये काँक्रीटचा चौथरा तेवढा उरला आहे. पार्क्सची तबकडी अजून काम करते आणि तिला पाहायला लोक येतात, त्यांतले कितीतरी चित्रपट पाहून. ‘द डिश’ पुन्हा पाहताना, क्लिफ म्हातारपणी तबकडीकडे टक लावून उभा राहतो त्या क्षणी, मला तो चौथरा आठवतो. तिथेही त्या दुपारी काही माणसे आपल्या जागेवर बसून होती. जगाने पाहिलेले पहिले पाऊल त्यांच्या हातून गेले. त्यांच्यावर चित्रपट नाही, पण ज्यांच्यावर आहे त्यांचे कौतुक करताना यांची आठवण ठेवणे एवढे तर आपल्या हातात आहे.